निघून राहिलो

पंखा हलला. फिरत तर तो होताच. पण आता त्याची दांडी हलली, आणि पंख्याची दांडी हलते तेव्हा काय असतं हे आमच्या भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. नांदेडच्या क्लासमधली रविवारची सकाळची बॅच होती. मी फळ्यावर लंबक काढला होता, त्याची दोरी, त्याचा गोळा, मधली तुटक रेषा, आणि पोरांना सांगत होतो की बाळांनो, हा एका बाजूला जातो, परत येतो, दुसऱ्या बाजूला जातो, परत येतो, आणि एवढी यातायात करून कुठंच जात नाही. हे डोक्यात बसलं की परीक्षेतला एक प्रश्न हातचा. हे वाक्य मी दर वर्षी म्हणतो आणि पोरं दर वर्षी हसतात. या वेळी हसायच्या जागी ती वर बघायला लागली. मग माझ्याकडे बघायला लागली, जसा काही पंखा सरांनीच उदाहरणादाखल हलवलाय. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "भूकंप हाय बे, पळा!" आणि सगळा वर्ग दाराशी जाऊन तुंबला, सुटला, धडधडत जिन्यावरून खाली गेला. दप्तरं राहिली, पाण्याच्या बाटल्या राहिल्या, मी राहिलो. हातात मार्कर, कॉलरला माइक. माइक चालूच होता, त्यामुळे माझाच श्वास कोपऱ्यातल्या स्पीकरमधून मला ऐकू येत होता. नंतर हरिओम सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, पालकांना सांगितलं की शेवटचं लेकरू खाली उतरेपर्यंत आमचे आर. डी. सर वर्गात उभे होते. पालक माझ्याकडे आदरानं पाहू लागले. आता त्यांना काय सांगणार? पाय निघाले नाहीत, एवढंच. धक्का आला तसा गेला, ना भिंतीला चीर ना काचेला तडा, आणि मी छताकडे बघत उभा होतो. अशा वेळी माणसाला जीव आठवावा, देव आठवावा. मला फक्त एवढंच वाटलं की, सुटलो. बॅच सुटली. आता लातूरची बस मिळेल.

कारण त्या दिवशी मला लातूरला जायचं होतं. सिद्रामप्पांच्या गॅरेजात, गायला. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये म्हटलं असतं तर केमिस्ट्रीच्या सरांच्या हातातला चहा सांडला असता. तिथं मी आर. डी. सर. आई माहूरची, रेणुकेच्या पायथ्याची, म्हणून माझं नाव रेणुकादास. क्लासवाल्यांनी त्याचे दोन तुकडे करून होर्डिंगवर लावले. पण लातूरला मी अजून रेणू आहे आणि आमचा एक बँड आहे, त्याचं नाव 'पत्रा'. मी गातो आणि गिटार वाजवतो, मलप्पा ड्रम वाजवतो, यज्ञेश बेस वाजवतो आणि रेकॉर्डिंगचं बघतो. पहिला अल्बम आला तेव्हा माझ्या डोक्यावर दाखवण्यासारखे केस होते. दुसऱ्याचं सगळं होऊन बसलं होतं. ड्रम झाले, बेस झाला, गिटार मी गेल्या दिवाळीत जाऊन उरकून आलो. राहिला होता फक्त माझा गळा. आणि आता गॅरेजच जाणार होतं. सिद्रामप्पांचे गुडघे गेले, पोटी मूलबाळ नाही, त्यांनी जागा मुलींच्या हॉस्टेलला देऊन टाकली. लातुरात हल्ली कुणी काही बांधायला घेतलं की खाली मेस, मधे हॉस्टेल, वर अभ्यासिका. सोमवारी पत्रे उतरवायला माणसं येणार होती. म्हणजे रविवारच काय तो हाताशी. मलप्पाला मी माझ्या बॅचचं सांगितलं तर तो म्हणाला, "बॅच झाली की बस धर की. संध्याकाळच्या आत पोचतूस. आमी वाट बघून राहतो." मी म्हणालो, हाव.

बाहेरचा माणूस म्हणेल, गळाच द्यायचा तर नांदेडात काय खोल्या मेल्यात का? मेल्या नाहीत, पण त्यांच्यावर स्लॅब आहे. स्लॅबखाली मला शिकवता येतं, गाता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात मी लहान होतो, लातुरात आमच्या घराला फक्त एक चीर गेली, पण वडील शाळामास्तर, शिस्तीचे. त्यांनी त्या चिरेवर पेन्सिलीनं खूण केली आणि आम्हाला घेऊन शाळेच्या मैदानावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले ते अख्खा हिवाळा. त्या पत्र्याखाली ते घोरायचे. घरी परतल्यावर रात्र रात्र जागे असायचे. पत्र्याखाली माणूस झोपतो आणि स्लॅबखाली जागतो, हे माझ्या अंगात तेव्हापासून बसलं ते बसलंच. सिद्रामप्पांचं गॅरेज ट्रॅक्टरचं. मधोमध खड्डा, माणसानं आत उतरून गाडीचं पोट बघायचं. आम्ही गिटारचा अँप्लिफायर त्या खड्ड्यात सोडायचो आणि माइक वर काठावर ठेवायचो. आवाज ऑइलच्या वासासकट वर यायचा. शटर एका सुराला थरथरायचं. आधी आम्ही त्याला शिव्या घातल्या, मग त्याच्यात पोती कोंबली, शेवटी यज्ञेशनं कंटाळून आमच्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या आणि शटरशी जुळवून घेतल्या. तेव्हापासून ते आमच्यातलंच एक झालं. पहिला अल्बम आल्यावर पुण्याच्या कुण्या जाणकारानं लिहिलं की हा गॅरेज संगीताचा ठळक प्रभाव असलेला हार्ड रॉक आहे. यज्ञेशनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ट्रॉलीखालून सिद्रामप्पांचा आवाज आला, "प्रभाव कशाचा रे? गॅरेजच हाय की हे."

त्याच माणसानं आमच्या गाण्याबद्दलही लिहिलं होतं. गाणं 'निघून राहिलो'. त्यानं लिहिलं, निघूनही जो उरतो, घर सोडूनही जो सुटत नाही, त्या पिढीची ही व्यथा आहे. आम्ही पोट धरून हसलो. अरे बाबा, निघून राहिलो म्हणजे निघतोय! आत्ता. चप्पल घालून राहिलो, दार लावून राहिलो, निघून राहिलो. आमच्याकडे 'काय करून राहिला' म्हटलं तर 'जेवून राहिलो' म्हणतात, म्हणजे घास हातात आहे. जेवण आटोपून माणूस तिथंच मुक्कामाला राहिला असं नाही. गाण्यातला पोरगा सरळ सरळ लातूर सोडून चालला होता, कारण मी चाललो होतो. पुण्याला एक ओळखीचा होता, एक खोली होती, यज्ञेश बरोबर होता. तेवढ्यात हरिओम सरांचा निरोप आला की नांदेडची शाखा उघडतोय, एक वर्ष फिजिक्स सांभाळा. एकच वर्ष. लातूरच्या पोरांचे निकाल पेपरात छापून येऊ लागले होते, गावोगावचे आईबाप जमीन वाट्यानं लावून, दागिने मोडून पोरांना घेऊन खोल्या शोधत फिरत होते, आणि मास्तर कमी पडत होते. मी म्हणालो, बरं. यज्ञेश पुण्याला गेला. पुढचं सांगण्यासारखं काही नाही, कारण पुढं काही झालंच नाही. लग्न झालं, मुलगी झाली, बॅच मोठ्या होत गेल्या, इतक्या की मागच्या बाकाला मी पडद्यावर दिसतो. तो पुण्याचा माणूस आमच्या बोलीत नापास झाला होता, पण माझा निकाल त्यानं अगोदरच लावून ठेवला होता. हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवसानंतर मला त्याचं हसू आलं नाही.

मैदानावर पोरं घोळक्यानं उभी होती. प्रत्येकाच्या कानाला फोन, प्रत्येकाच्या फोनमध्ये आई. हरिओम सर चाकांचा स्पीकर ओढत आले, त्यांच्या कपाळावर घाम होता. "आर. डी. सर, तुम्ही बोला. पोरांना तुमचा आवाज लागतो." मी कॉलरचा माइक त्या स्पीकरला जोडला आणि बोललो. घाबरायचं कारण नाही, धक्का सौम्य होता, इमारत मजबूत आहे, सगळ्यांनी खाली बसून घ्या. ती बसली. खरंच बसली, एकेक करून, जसा काही माझा आवाज त्यांच्या खांद्यावर हात ठेवत चाललाय. ऋतुजा नावाची एक पोरगी तेवढी उभी राहिली. शिरूर अनंतपाळची, अबोल, वर्गात कधी शंका न विचारणारी. "सर, मला घरी जायचंय. आत्ता गाडी हाय. बाबा म्हणून राहिले ये म्हणून." मी माइक बंद करायचा विसरलो होतो. "बाळा, आता काही होत नाही. दोन आठवड्यांवर टेस्ट आली. बस खाली." सगळ्या मैदानानं ते ऐकलं. ती बसली. तिनं रडं गिळलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं हिनं मला ओळखलं. मग मात्र माझं मलाच राहवलं नाही. मी जाऊन हळूच म्हणालो, जा, मी सांगतो ऑफिसात. ती दप्तरसुद्धा न घेता पळाली. किती सोपं असतं ते, पळणं. नुसते पाय उचलायचे असतात.

हरिओम सर वाईट माणूस असते तर माझं बरं झालं असतं. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, तुमचं आज लातूरला काम होतं ना? जा तुम्ही. दुपारच्या शंका मी बघतो. काय, वायूंच्या धड्यातला एखादा प्रश्न अडला तर फोन करीन." मी घरी वैष्णवीला, माझ्या बायकोला, फोन लावला, मुलगी मनस्विनी ठीक होती, भूकंपात तिची झोपसुद्धा मोडली नव्हती. "मग निघतोयस ना?" वैष्णवीनं विचारलं. मी म्हणालो, तुम्हाला अशा दिवशी सोडून कसं जाऊ. ती म्हणाली, "आमचं निमित्त करू नकोस हं. मी तुला कधी अडवलं का सांग बरं?" नव्हतं अडवलं. तेच तर. कोंडलेल्या माणसाला निदान कडी तरी दिसते, शिव्या द्यायला दार तरी असतं. माझ्या चारी बाजूंनी भली माणसं उभी होती आणि सगळी जा म्हणत होती.

मलप्पाचं गाव औसा तालुक्यात होतं. त्याचं नाव तो घेत नाही. 'जुनं गाव' म्हणतो, आणि सरकारनं पुनर्वसनात बांधून दिलेल्याला 'नवं गाव'. जुन्या गावात दगडमातीची घरं, वर मातीचं जड माळवद. किल्लारीच्या भूकंपात पहाटे ते खाली आलं. मलप्पा तुळईच्या आडोशाला सापडला, हात तेवढा मोकळा, आणि हाताला पितळी लागली. पितळी म्हणजे आमच्याकडे जेवायचं ताट. तो ती दगडावर आपटत राहिला. दोनदा आपटायची, मग थांबायचं. टण टण, आणि मोकळं. थांबायचं कशासाठी, तर ऐकायला, कुणी आलंय का. त्याची आई गुरम्मा त्याच्या अंगाला लागूनच होती; ती कधीच शांत झाली होती. सिद्रामप्पा हे त्याचे मामा. ते लातूरहून ट्रॅक्टर घेऊन गेले, घर कुठलं आणि गल्ली कुठली हेच कळेना, तेव्हा त्यांनी ही टणटण ऐकली. मग ते नुसत्या हातांनी दगड उपसत ओरडत राहिले, "येऊन राहिलो रे बाळा, येऊन राहिलो!" पोरानं वाजवणं सोडू नये म्हणून. तो वाजवायचा, थांबायचा, आणि त्या मोकळ्या जागेत वरून मामाचा आवाज यायचा. मामा आला. हे मलप्पानं मला एकदाच सांगितलं, ट्रॅक्टरचं मडगार्ड पुसता पुसता, आणि वर म्हणाला, "मी कुठं वाजवलं? हातच वाजवून राहिला होता."

त्याचे ड्रम अजून तसेच वाजतात. यज्ञेशनं दुसऱ्या अल्बमच्या वेळी पुण्याची रीत म्हणून त्याच्या कानात ठोक्याचं घड्याळ घातलं, टिकटिक टिकटिक, त्याच्याशी धरून वाजव म्हणाला. मलप्पानं थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "हे थांबतच न्हाई की रे. थांबलं न्हाई तर ऐकू कसं येईल?" यज्ञेश वैतागला, "काय ऐकायचंय तुला?" मलप्पा म्हणाला, "कुणी येऊन राहिलं का ते." मग घड्याळ गेलं आणि सगळी गाणी तशीच झाली, दोन घाव आणि मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत मी गायचं होतं. बाकी काही नाही, तेवढंच. जो पोरगा ढिगाऱ्याखाली थांबून थांबून ऐकत होता त्याला वरून हाक द्यायची होती.

आणि ती मला देता येत नव्हती. त्या दिवाळीत गिटार झाल्यावर यज्ञेश म्हणाला, आता आलायस तर गळा पण देऊन टाक. मी डोळे मिटून, नरडं फोडून गायलो. बरं वाटलं. मग त्यानं ते वाजवून ऐकवलं. सूर जागेवर होते. शब्द स्वच्छ होते, नको तितके स्वच्छ. प्रत्येक ओळ शेवटाला किंचित वर चढत होती आणि थांबत होती, जणू पुढं 'कळलं का?' यायचं बाकी आहे. यज्ञेश प्रेमानंच म्हणाला, "रेणू, सर शिकवून राहिलेत रे." सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. तेव्हापासून मी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणलो नाही. कॉलरच्या माइकनं माझा गळा खाल्ला होता. तो माइक ओरडू देत नाही, ओरडलं की शिट्टी मारतो, म्हणून इतकी वर्षं मी दिवसभर एका पातळीवर समजावत आलो आणि समजावणंच उरलं. हे मी मलप्पाला सांगितलं नाही. त्याला वाटत होतं मी कामात अडकतो. त्याचे हात सदा ऑइलचे, त्यामुळे तो फोनवर काही लिहीत नाही, आवाज पाठवतो; मीही आवाजानंच उत्तर देतो. बॅच संपून राहिली, निघून राहिलो. पोरीला ताप हाय, पुढच्या आठवड्यात येऊन राहिलो. दिवाळीपासून हेच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर दिवाळीआधीही कितीतरी वर्षं हेच. गेलो नाही तोवर दुसरा अल्बम शाबूत होता. गेलो आणि पुन्हा 'सर'च गायले, तर संपलं. झाकली मूठ म्हणतात ती मी इतकी आवळून धरली होती की बोटं उघडायची विसरली होती.

तरी मी स्टँडवर गेलो. हे मला माझ्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, की मी गेलो. लातूरची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. खिडकीची जागा रिकामी दिसत होती. फोन वाजला, मलप्पानं आवाज पाठवला होता, मागे कुणीतरी लोखंड आदळत होतं. "रेणू, तिकडं बी हललं का? हितं शटर आपोआप वाजलं की बे, कुणी हात न लावता. मामा म्हणून राहिला, त्याला बी कळलं आज शेवटचं हाय. यज्ञेशनं माइक लावून ठेवलाय. निघालास का?" माझा एक पाय पायरीवर होता, हात दांडीवर. मी फोन तोंडाशी धरला. "हाव, निघून राहिलो." आणि मी सांगतो, त्या क्षणी ते शंभर टक्के खरं होतं. मी निघत होतो. दुसरा पाय तेवढा उचलायचा होता. बसच्या आत वाकून पाहिलं तर छत अगदी डोक्याला लागेल असं वाटलं, मधली वाट अरुंद, दोन्ही बाजूंना माणसं, आणि त्या वाटेच्या टोकाला, तिकडं लातुरात, खड्ड्याच्या काठावर एक माइक माझी वाट बघत उभा होता, आणि तो काही लपवणार नव्हता. "साहेब," कंडक्टर म्हणाला, "आत तरी या, न्हाई तर खाली तरी उतरा. पायरीवर कुणी राहत न्हाई." मागे एक म्हातारी बोचकं घेऊन खोळंबली होती. तिला वाट द्यायला मी खाली उतरलो. ती चढली, तिचं बोचकं चढलं, बेल वाजली.

त्यानंतरच्या दुपारचं मला फारसं आठवत नाही. दुसरी बस होती, तिसरी होती. मी मलप्पाला कळवलं, गाडी गेली रे, दुसरी धरून राहिलो. मग स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला, मग आणखी एक, मग पाय आपसूक क्लासकडे वळले. हरिओम सर मला बघून चकित झाले, मग खूश झाले. झाडाखाली पोरं बसली होती, मी त्यांच्या शंका सोडवल्या. लंबकाची दोरी तुटली तर गोळा कुठं पडेल, असं एकानं विचारलं. मी छान समजावून सांगितलं. सूर्य कलला, शेवटची थेट गाडीही गेली असेल, तेव्हा मी पुन्हा फोन काढला. मलप्पाचं काहीच आलेलं नव्हतं. मीच म्हणालो, "मलप्पा, येऊन राहिलो रे." हे कशासाठी म्हणालो मला माहीत नाही. जिभेला वळण पडलेलं असतं.

सोमवारी पत्रे उतरले असणार. मी चौकशी केली नाही, त्यांनी सांगितलं नाही. यज्ञेशचा फोन नाही, मलप्पाचा आवाज नाही. मला वाटलं, बरोबर आहे, आपण मेलो त्यांना. उन्हाळा गेला, निकाल लागले, नवीन होर्डिंगवर माझा फोटो पहिल्यापेक्षा मोठा आला. ऋतुजाला चांगले मार्क पडले. तिच्या वडिलांनी पेढे आणले आणि माझे पाय धरायला वाकले, मी दोन पावलं मागे सरकलो. आणि मग एक दिवस यज्ञेशनं नुसती लिंक पाठवली, वर ना नाव ना गाव. पत्रा, दुसरा अल्बम. पहिल्याच गाण्याचं नाव 'येऊन राहिलो'.

मला वाटलं, दुसरा कुणीतरी गळा आणला. वाटल्याबरोबर असा मत्सर भडकला की मला माझीच शरम वाटली. दुपारची सुट्टी होती, वर्ग रिकामा. मी फोन वर्गाच्या स्पीकरला जोडला आणि पहिल्या बाकावर बसलो, पोरं बसतात तिथं. आधी शटरचा आवाज आला, एकटाच, अर्ध्या सुरानं खाली. मग मलप्पा. टण टण, आणि मोकळं. ड्रमवर नव्हे, त्यानं खरोखरची पितळी घेतली होती. टण टण. आणि त्या मोकळ्या जागेत, स्टँडच्या गोंगाटातून, लोहा अहमदपूर चाकूर लातूरच्या आरोळीतून, माझा आवाज आला. हाव, निघून राहिलो. मी बाकाची कड धरली. टण टण. बॅच संपून राहिली, निघून राहिलो. टण टण. पोरीला ताप हाय रे, येऊन राहिलो. मागे मनस्विनी रडत होती, तान्ही असतानाची. टण टण. सर्दी झालेला माझा आवाज, हसणारा, घाईतला, कुठल्या कुठल्या वर्षांतला, सगळा त्यानं जपून ठेवला होता. आणि त्यात कुठं शिकवणं नव्हतं. एक ओळ शेवटाला वर चढत नव्हती. मी ज्याला मेला म्हणून पुरून बसलो होतो तो गळा तिथं होता, जिवंत, घसा मोकळा, आणि इतकी वर्षं ढिगाऱ्यावर उभा राहून ओरडत होता, येऊन राहिलो रे, येऊन राहिलो. आणि खालचा पोरगा विश्वासानं वाजवत होता. गाण्याच्या शेवटी मोकळी जागा लांबत गेली. टण टण, आणि कुणीच नाही. टण टण, आणि कुणीच नाही. मग वरून पत्रे एकेक करून जमिनीवर पडल्याचा आवाज. मी रडलो. हुंदके देऊन रडलो, आणि कॉलरचा माइक बंद केला नव्हता म्हणून स्पीकरमधून सगळा रिकामा वर्ग माझ्याबरोबर रडत होता.

तेवढ्यात फोन वाजला. मलप्पा. त्याच्या आवाजात राग असेल म्हणून मी मन घट्ट केलं, नव्हता. "लागला का न्हाई तुझा गळा? यज्ञेश म्हणून राहिला होता, दुसरा गाणारा बघू. मी म्हणलं, कशाला? ह्यो येऊनच राहिलाय की." तो हसला, कसलंही कुसळ नसलेलं हसू. "बरं ऐक. नव्या गावात शेड टाकलंय. पत्रे तेच, शटर बी तेच, मामानं सोडलं न्हाई. खड्डा तेवढा खणायचा राहिला. आज मोकळा हाईस का? निघतूस का?"

माझ्या समोर वर्गाचं दार सताड उघडं होतं. जिन्यावर पुढच्या बॅचची पावलं वाजायला लागली होती. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते 'निघून राहिलो' माझ्या जिभेवर आलं नाही. मलप्पा पलीकडे थांबला होता. तो वाट बघत थांबतो तसा, दोन घाव घालून झाल्यावर.

"रेणू? ऐकून राहिलास ना?"

"हाव," मी म्हणालो. "ऐकून राहिलो."